दूध आलं होतं का?

विशाखाताई गेल्याचं मला फोटोवरून कळलं. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर रोजच्या सुविचारांच्या आणि वाढदिवसांच्या गर्दीत तो आला. कुणाच्या तरी लग्नात काढलेला, शेजारचा माणूस कापून टाकलेला, खाली जोडलेल्या दोन हातांचं चिन्ह. मजकूर न वाचता मी आधी फोटोच बघत बसले. त्या फोटोतही ताई कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर डावीकडे कुठंतरी होती, तिथं कुणीतरी आत्ता चक्कर येऊन पडणार आणि आपल्याला धावावं लागणार अशी. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखत होते आणि या चाळीस वर्षांत त्यांचा चेहरा बहुतेक वेळा असाच पाहिला होता. मग खालचा मजकूर वाचला. नांदेडच्या घरी दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत…

मी पहिला फोन माझ्या बहिणीला, कमलअक्काला लावला. अक्का देवणीला असते. मी बातमी सांगितली. ती एकदम म्हणाली, "मी सकाळची गोळी घेतली हाय गं." आणि रडायला लागली. जे त्यांना सांगायचं असायचं ते तिनं मला सांगितलं होतं. आपली गोळी घेतली आहे, हे ऐकवण्यासारखं माणूस आता उरलं नाही, हे तिला बोलता बोलताच कळलं असावं.

डॉक्टर विशाखा स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. मूळच्या हदगावकडच्या एका खेड्यातल्या. वडील किनवटच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातली ही थोरली मुलगी वसतिगृहांत राहून शिकली, डॉक्टर झाली आणि नोकरीनिमित्त लातूरच्या सरकारी दवाखान्यात आली. तिथंच माझी त्यांची गाठ पडली. लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ताजा होता, नवे साहेब येत होते, त्यांच्या जीपा धुरळा उडवत फिरत होत्या. आणि पाऊस मात्र पाठोपाठ दगा देत होता. गल्लीत टँकर आला की सगळी कामं टाकून माणसं घागरी घेऊन पळत. मी डी.एड.ला होते आणि एका खोलीत भाड्यानं राहत होते. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. त्यामुळे अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी असली, तरी मला आईच्या जागी तीच.

अक्काची रेखा झाली तेव्हा बाळंतपण करायला माहेरी कुणी बाई नव्हती, म्हणून ते देवणीला सासरी घरीच झालं. पोरगी चांगली झाली, पण वार पडायला फार वेळ लागला आणि मग रक्त थांबेना. सुईणीनं तिच्या परीनं पोट चोळलं, कापडांवर कापडं बदलली. दाजींनी गाडी जुंपून उदगीरला नेईपर्यंत अक्काची शुद्ध हरपली होती. उदगीरच्या डॉक्टरांनी सलाईनं लावली, रक्त थांबलं, ती शुद्धीवर आली. मायलेकी दोघी वाचल्या म्हणून सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. अंगावरचं दूध आलं नाही, याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. दाराशी देवणी गाय होती, पांढरी, अंगावर काळे ठिपके असलेली. तिच्या दुधावर रेखा बाळसं धरत होती. मग त्यात काळजीचं काय?

त्यानंतर माझी बहीण हळूहळू कमी कमी होत गेली. मला दुसरा शब्द सुचत नाही. ती आजारी आहे असं म्हणावं तर खोकला नाही, ताप नाही, दुखत काही नाही. पण आधी आमच्या घरात सगळ्यांत मोठ्यानं हसणारी ही बाई, आता तिला काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. आवाज जड झाला. चेहरा पांढुरका, सुजल्यासारखा. भुवया विरळ झाल्या. पाळी आलीच नाही. भर उन्हाळ्यात, अंगणातला दगड हातात धरवत नाही अशा दिवसांत, ती गोधडी पांघरून बसायची. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली तर दोनदा चक्कर येऊन पडली आणि मुकादमानं घरी पाठवून दिली. टँकरवरून भरलेली घागर तिला उचलवेना. अक्काच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "कामाचा कंटाळा, दुसरं काय! खायला बरोबर उठती." दोरे झाले, अंगारे झाले. दाजी गरीब स्वभावाचे. ते आईलाही काही बोलत नव्हते आणि बायकोलाही. नुसते कावरेबावरे होऊन दोघींकडे बघत राहायचे.

असं तीन वर्षं चाललं. त्या तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरांनी तिचा सुजलेला चेहरा बघून थायरॉइडची गोळी सुरू केली. त्यांचं निदान अर्धं बरोबर होतं, हे आम्हाला नंतर कळलं. गोळी घेतल्यावर अक्का सुधारायच्या ऐवजी आणखी खचली. अन्न जाईना, सारखं मळमळायचं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. शेवटी सासूबाई आणि दाजी तिला घेऊन लातूरला माझ्या खोलीवर आले आणि मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. सासूबाईंचा हेतू वेगळा होता, तो त्यांनी लपवलाही नाही. टेबलापलीकडच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी बसता बसताच सांगितलं, "पाळी न्हाई, दुसरं लेकरू न्हाई. हिला हुणार हाय का न्हाई ते एकदा सांगा. नसंल तर पोराचं दुसरं करावं म्हणायलोय."

मी अक्काकडे बघितलं. ती गोधडीच्या घडीवर हात ठेवून बसली होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय.

विशाखाताई तेव्हा तिशीच्या आतबाहेर असतील. सडपातळ, पांढऱ्या कोटाची बाही सारखी वर सारणाऱ्या. त्यांनी अक्काच्या मनगटावर हात ठेवला तो काढलाच नाही. "बाळंतपण कुठं झालं? घरी? रक्त किती गेलं?" सासूबाई म्हणाल्या, "जातंच की तवा सगळ्यांचंच." "सगळ्यांचं नको. हिचं किती? लुगडं भिजलं, का खालची गोधडीही भिजली? शुद्ध गेली होती का? किती वेळ?" त्या एकेक प्रश्न दोनदोनदा विचारत होत्या. बाहेर बायकांची रांग वाढत होती, नर्स दारातून डोकावून जात होती. मला वाटलं, ह्यांना आपलं बोलणं कळत नाही की काय… मग त्या थांबल्या. खिडकीकडे बघितलं, पुन्हा अक्काकडे वळल्या आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "आणि दूध? दूध आलं होतं का?"

"कुठलं आलंय!" सासूबाई म्हणाल्या. "गाईवर वाढली पोरगी."

"तुम्ही नका सांगू. कमल, तू सांग."

तीन वर्षांत माझ्या बहिणीला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तिनं मान वर केली. "न्हाई आलं," ती तिच्या त्या जड आवाजात म्हणाली, "एक थेंबबी न्हाई. लई वाट बघितली." तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळलं, तरी ते पुसायला तिचा हात उठला नाही.

ताईंनी तिला पडद्याआड नेऊन तपासलं. मग त्या उठून निघून गेल्या आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन परत आल्या. खिडकीशी उभ्या राहून, बोट ओळीवर ठेवून वाचू लागल्या. वाचता वाचता ओठ हलत होते. सासूबाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "पुस्तकात बघून सांगायलीय. हिला काय येतंय?" मलाही भीती वाटली. डॉक्टरनं बघताक्षणी सांगावं, अशी आपली समजूत असते. ह्या बाईचा चेहरा तर आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

मला आणि दाजींना त्यांनी बाजूला घेतलं. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, त्या सांगू लागल्या. बाकीच्या ग्रंथींना हुकूम तिचा. पोटुशी बाईची ती फुगलेली असते, तिला रक्त जास्त लागतं. अशा वेळी एकदम फार रक्त गेलं तर बाई वाचते, पण ती ग्रंथी सुकून जाते. मग दूध येत नाही, पाळी येत नाही, अंगातली ऊब जाते. आणि ताण सोसायला शरीराला जे द्रव्य लागतं तेही बनत नाही. "तसं असेल तर ही आळशी नाही. ही तीन वर्षं नुसती जगली हेच पुष्कळ आहे. थायरॉइडच्या गोळीनं घात केला, रिकाम्या अंगाला तिनं पळायला लावलं. ती आज बंद." मग म्हणाल्या, "पण मी असा पेशंट फक्त पुस्तकात वाचलाय. समोर कधी बघितला नाही. माझी चूकही असू शकते."

रक्त तपासायला मुंबईला पाठवावं लागणार होतं, कळायला काही आठवडे जाणार होते. तोवर अक्काला दाखल करा, माझ्या नजरेसमोर औषध सुरू करू, असं त्या विनवून सांगत होत्या. दाजींनी नकारार्थी मान हलवली. गुरं छावणीत, रेखा शेजाऱ्यांकडे, दुष्काळी कामावर नाव लावलेलं. सासूबाई तर केव्हाच उठून उभ्या राहिल्या होत्या. रक्त देऊन आम्ही निघालो.

एसटी स्टँडवर आम्ही उदगीरच्या गाडीची वाट बघत होतो. ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात गर्दीतून विशाखाताई येताना दिसल्या, पांढरा कोट तसाच अंगात, चालून चालून चेहरा लाल. हातात गोळ्यांची पुडी आणि पाण्याची बाटली. बाटली त्यांनी आधी सासूबाईंपुढं धरली. दुपारभर घशाला कोरड पडलेल्या सासूबाई म्हणाल्या, "नको, मला तहान न्हाई." त्यांनी सकाळीच नर्सला डॉक्टरीणबाईंचं आडनाव विचारून घेतलं होतं. ताईंना ते समजलं, त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्यांनी बाटली अक्काच्या हातात दिली आणि ती पिईपर्यंत थांबल्या. मग दाजींना म्हणाल्या, "रोज सकाळी खाल्ल्यावर ही गोळी, एक दिवसही चुकवायची नाही. आणि नीट ऐका. ताप आला, जुलाब लागले, उलट्या झाल्या, गोळी पोटात ठरली नाही, तर कशाची वाट बघू नका. सगळ्यांना होतंय म्हणून थांबू नका. बाकीच्या बाया सोसतील ते हिला सोसणार नाही. हिला उचला आणि माझ्याकडे आणा. म्हणून दाखवा, मी काय सांगितलं?" दाजींनी शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं. गाडी लागली. आम्ही चढलो तरी त्या खिडकीखाली उभ्याच. "पुन्हा सांगा," म्हणाल्या. दाजींनी पुन्हा सांगितलं.

मी उदगीरपर्यंत सोबत गेले आणि लातूरला परतले. काही दिवसांनी देवणीत गॅस्ट्रोची साथ आली. टँकरचं पाणी, तळाला गेलेल्या विहिरी, दुसरं काय होणार! घरोघरी माणसं जुलाबांनी हैराण होती. सासूबाईंना झाले, त्या मीठसाखरेचं पाणी पिऊन दोन दिवसांत उठल्या. मग अक्काला झाले. सकाळची गोळी उलटीत पडली. सासूबाई म्हणाल्या, "मी उठले तशी हीबी उठंल." आणि आयुष्यात पहिल्यांदा दाजींनी आईचं ऐकलं नाही. मला ते नंतर सांगायचे, "त्या बाईचं तोंड डोळ्यापुढून हलंना. इतकं भिऊन सांगत हुती म्हंजी काहीतरी आसंल की." त्यांनी गावातली एक जीप मिळवली, अक्काला मागच्या बाकावर आडवं टाकलं आणि लातूर गाठलं.

निरोप मिळाल्यावर मी धावत दवाखान्यात गेले. साथीच्या पेशंटनी वॉर्ड भरला होता, खाली सतरंज्यांवरही माणसं. अक्काला दोन्ही हातांना सलाईन लावलं होतं, तरी तिचं ब्लडप्रेशर वर येत नव्हतं. हाक मारली तर डोळे नुसते फिरवायची. ओठ निळसर, हात बर्फासारखे. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तेवढ्याच सलाईननं तरतरी आली होती, ती चहा मागत होती. वॉर्डाचे मोठे डॉक्टर आणि विशाखाताई खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बोलत होते. ताईंना स्टेरॉइडचं, म्हणजे अक्काच्या अंगात न बनणाऱ्या त्या द्रव्याचं, इंजेक्शन द्यायचं होतं. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, जंतुसंसर्गात ते देणं धोक्याचं, एरवी मी कुणाला देऊ देणार नाही. "रिपोर्ट आलाय का?" "नाही, सर." "तुमची खात्री आहे?"

मी ताईंच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या बहिणीचा जीव त्या उत्तरावर होता आणि मला वाटत होतं, हो म्हणा, काहीही करून हो म्हणा.

"नाही, सर," त्या म्हणाल्या. "पण खात्री होईपर्यंत थांबलो तर ती राहणार नाही."

मोठ्या डॉक्टरांनी अक्काची नाडी बघितली. मग म्हणाले, "द्या. मी इथंच आहे."

इंजेक्शन दिल्यानंतर ताई स्टुलावर बसल्या, अक्काचं मनगट हातात धरून. मध्ये मध्ये उठून त्यांच्या ओपीडीत जायच्या, परत यायच्या. प्रत्येक वेळी मला विचारायच्या, "मी काही विचारायचं राहिलं का गं? तिला आणखी काही होत होतं का? आठव." दाजी दाराबाहेर उकिडवे बसले होते. दुपार उलटली. त्या सारखा प्रेशरच्या यंत्रातला पारा बघायच्या. मग एकदा त्यांनी पारा बघितला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. मोठ्या डॉक्टरांना हाक मारली. त्यांनीही बघितला…

उन्हं कलली तेव्हा अक्कानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रेखाला कुणाजवळ ठिवलं?" मी उत्तर देईपर्यंत पुढचा प्रश्न, "जेवली का ती? आन मलाबी काहीतरी दे की, लई भूक लागलीय." तीन वर्षांत ती इतक्या भरभर बोलली नव्हती. दाजी दारातून आत आले आणि खाटेच्या दांड्याला धरून उभे राहिले, त्यांना पुढं येववेना.

मी ताईंना शोधायला व्हरांड्यात गेले. त्या पायरीवर बसल्या होत्या आणि माझ्या डब्यातली सकाळची भाकरी खात होत्या, कोरडीच. मला बघून ओशाळल्या. "न विचारता घेतली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, मला वाटलं आता मीच पडते." मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "अक्का बरी झाली, ताई." त्यांनी घास तसाच हातात धरला. "असं म्हणू नकोस. अजून दोन दिवस असं काही म्हणू नकोस." त्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणू लागले, ते कायमचंच.

पुढं रिपोर्ट आला. शंका खरी ठरली होती. तोवर अक्का दोन्ही प्रकारच्या गोळ्या घेऊ लागली होती, आधी ती ताण सोसणारी आणि मग काही दिवसांनी, ताईंच्या हिशेबानं, थोडी थोडी थायरॉइडची. मी सुट्टीत देवणीला गेले. अक्का अंगणात बसली होती. मला बघताच उठली आणि पदरानं वारा घेत म्हणाली, "लई उकडायलंय गं यंदा!" सगळा मराठवाडा उकाड्यानं जीव टाकत होता, पण मला ते ऐकून रडू कोसळलं. दाजी आतून हातपंखा घेऊन आले आणि बायकोला वारा घालत बसले, सासूबाईंच्या देखत.

दुसरं मूल होणं फार अवघड आहे, हेही ताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. सासूबाईंनी पुन्हा विषय काढला तेव्हा दाजी एवढंच म्हणाले, "एक लेक हाय की आपल्याला. बास." सासूबाई शेवटपर्यंत तशाच राहिल्या, ताईंकडचं पाणी काही त्या प्यायल्या नाहीत. पण घरात कुणाचं अंग जरा कोमट लागलं की पहिल्यांदा त्याच ओरडायच्या, "आरं, त्या लातूरच्या डॉक्टरीणबाईला इचारा!"

मला पुढं हदगावच्या शाळेत नोकरी लागली आणि काही वर्षांनी ताईही बदली होऊन नांदेडला आल्या. मग येणंजाणं वाढलं. त्यांनी लग्न केलं नाही. भावाचं कुटुंब आणि त्या एकत्र राहायचे. त्यांच्यासोबत राहणं सोपं नव्हतं, हे मी खरं तेच सांगते. त्या जेवता जेवता उठून दवाखान्यात फोन लावायच्या. घरी गेलेल्या बाईला स्टँडवरून परत बोलावायच्या. हाताखालचे डॉक्टर वैतागायचे. आणि प्रत्येक वेळी त्यांची शंका खरी निघायची असंही नाही. माझा मुलगा झाल्यावर मला थकवा यायचा, तर त्यांनी माझ्या मागं लागून नाही नाही त्या तपासण्या करायला लावल्या. महिनाभर मी जिवाला घोर लावून घेतला आणि निघालं काय, तर नुसती अपुरी झोप. मी चिडून बरेच दिवस त्यांच्याकडे गेले नाही. त्यांनी माफी मागितली नाही. "नसलं ते बरंच झालं," म्हणाल्या आणि पुढ्यात चहा ठेवला.

त्यांच्या या काळजीचं मूळ मला फार उशिरा कळलं. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या गच्चीवर बसलो होतो. मी सहज विचारलं, अक्काला तुम्ही तो प्रश्न कसा काय विचारलात? त्या म्हणाल्या, शिकाऊ डॉक्टर असताना एका बाईचं असंच रक्त गेलं होतं. आम्ही सगळ्यांनी धावपळ करून तिला वाचवलं. ती घरी जाताना आम्ही तिच्या नवऱ्याकडून पेढे खाल्ले. वर्षाभरानं तिच्या गावचं माणूस भेटलं, म्हणालं, ती तर अशक्तपणानं गेली, सारखी निजून असायची… "वाचली म्हणून आम्ही मोकळे झालो, सुनंदा. वाचल्यानंतर तिचं काय झालं, ते विचारलंच नाही. तिला दूध आलं होतं का, मला अजून माहीत नाही." त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक बाईला त्या मागच्या बाळंतपणाचं इतकं का विचारायच्या, ते मला त्या दिवशी उमगलं. अशा आणखी काही बाया त्यांना पुढं सापडल्याही. त्यांची संख्या त्यांनी कधी सांगितली नाही. न सापडलेल्यांचाच विचार त्या जास्त करायच्या.

अक्का आता साठी ओलांडून पुढं गेली आहे. रेखाला दोन मुलं आहेत, दोन्ही बाळंतपणं ताईंनी नांदेडला स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतली, रक्ताच्या बाटल्या आधी तयार ठेवून. दोन्ही वेळा रेखा हसत होती आणि ताईंचा चेहरा पांढराफटक.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी आणि अक्का गेलो होतो. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली आणि आम्ही त्यांच्या पुढच्या खोलीत टेकलो. गाडीत अक्कानं मला विचारलं होतं, "आता काही झालं तर कुणाला इचारायचं गं?" ताईंच्या खोलीत कोपऱ्यातल्या तिपाईवर जुना, तारेचा फोन होता, वरून क्रोशाचं झाकण टाकलेला. ताईंचा भाचा म्हणाला, आता सगळे मोबाइल वापरतात, हा बंद करायचा होता, पण आत्यानं करू दिला नाही. खेड्यापाड्यांतल्या बायकांकडे हाच नंबर आहे म्हणायची.

तो बोलत असतानाच फोन वाजला. आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. भाच्याची बायको स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आली, तिनं रिसीव्हर उचलला. "डॉक्टर आत्या आता नाहीत हो," ती हळूच म्हणाली. पलीकडची बाई काहीतरी बोलत होती, रडत असावी. हिनं रिसीव्हर ठेवला नाही. ऐकत राहिली. मग पायानं स्टूल जवळ ओढलं, बसली आणि विचारलं, "तुम्ही कुठून बोलताय? सोबत कोण आहे? थांबा, घाई करू नका. आत्यांच्या हाताखाली शिकलेल्या एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे कसं जायचं ते सांगते… पण आधी मला सगळं नीट सांगा."